१८ जणांच्या कंपनीसाठी वेबमेल आणि कॅलेंडर: गुगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सातपूरला कंट्रोल पॅनल बनवणारी कंपनी, मेल लागणारी माणसं १८, सध्या वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेला वेबमेल, सेल्स आणि परचेस या दोन पत्त्यांचे पासवर्ड चार-चार जणांना पाठ, कॅलेंडर म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. आणि साहेबांनी सांगितलंय की गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो तिघांचा तक्ता करून आणा, त्यात काय काय घालू? मी पुणे-नाशिक भागातल्या छोट्या कंपन्यांची आणि सीए ऑफिसांची मेल बसवून देण्याची कामं बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावर सांगतो, थोडं लांबेल.

तक्ता करा, साहेबांना कागद लागतोच. पण निर्णय त्या तक्त्यावर घेऊ नका. तिघांच्याही रकान्यात सगळीकडे बरोबरची खूणच येणार आहे, मेल आहे, कॅलेंडर आहे, मोबाइल अॅप आहे, स्पॅम फिल्टर आहे. छत्तीसपैकी तीस गुण जुळले म्हणून संसार नीट चालतोच असं नाही, तसलाच प्रकार आहे हा.

तुमच्या प्रश्नात मधेच दोन वाक्यं आलीत आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. एक, एकाच इन्क्वायरीला दोघांनी दोन वेगळे रेट पाठवले. दोन, जर्मनीच्या कस्टमरचा दर मंगळवारचा कॉल एप्रिलपासून "आपण गेलो की ते निघून गेलेले असतात" असा झाला. हे दोन्ही प्रकार ज्या टूलमध्ये तुमच्या लोकांच्या हातून पुन्हा होणार नाहीत ते टूल तुमचं. नुसतं मेल पाठवणं आणि घेणं आता तिघांचंही चांगलं आहे, त्यात वेळ घालवू नका. फरक पडतो तो तीन ठिकाणी: सामाईक पत्ता कसा चालतो, कॅलेंडर दुसऱ्याबरोबर कसं वागतं, आणि उद्या सोडून जायचं झालं तर काय काय बरोबर नेता येतं.

आधी सामाईक पत्ता. आत्ता तुमच्याकडे चौघं एकाच पासवर्डने सेल्सच्या मेलबॉक्समध्ये शिरतात, त्यामुळे कुणी काय उत्तर दिलं ते कळायला मार्ग नाही, आणि यातला एकजण नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलायचा आणि उरलेल्या तिघांना परत सांगायचा, जे बहुतेक ठिकाणी कुणी करतच नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये यासाठी शेअर्ड मेलबॉक्स आहे, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, प्रत्येकजण आपल्या स्वतःच्या लॉगिनने तो उघडतो. फक्त एक बारीक गोष्ट, सेल्सच्या पत्त्यावरून दिलेलं उत्तर मुळात उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या सेंट आयटममध्ये जाऊन पडतं, सामाईक पेटीत दिसत नाही. म्हणजे दोन रेट जाण्याचा प्रकार तसाच चालू राहणार! अॅडमिनमध्ये एक सेटिंग आहे, ते लावलं की कॉपी सामाईक पेटीतही पडते. सेटअप करणाऱ्याला हे आठवणीने सांगा.

गुगलमध्ये दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सेल्स हा सरळ एक वेगळा युजर करायचा, त्याचं लायसन्स भरायचं आणि चौघांना डेलिगेशन (पासवर्ड न देता तो मेलबॉक्स वापरायची परवानगी) द्यायचं, मग ते आपापल्या जीमेलमधूनच तो इनबॉक्स उघडतात, पाठवलेलं सगळं तिथेच राहतं. दुसरा म्हणजे गुगल ग्रुप्समधला कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स, त्याला लायसन्स लागत नाही आणि "ही इन्क्वायरी अमुककडे" असं नेमूनही देता येतं, पण ते काम जीमेलमध्ये होत नाही, ग्रुप्सच्या वेगळ्या पानावर जावं लागतं आणि माझ्या अनुभवात लोक सुरुवातीला हौसेने जातात आणि नंतर तो टॅब उघडायचाच विसरतात. झोहो मेलमध्ये सामाईक मेलबॉक्स आहे, शिवाय स्ट्रीम्स म्हणून प्रकार आहे ज्यात मेलच्या बाजूलाच आपसात शेरे लिहिता येतात, कस्टमरला ते जात नाहीत. "याला मी रेट देतोय, कुणी हात लावू नका" एवढं एक वाक्य लिहायची सोय तुमच्या सेल्सवाल्यांना बाकी सगळ्या फीचर्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आता कॅलेंडर, यावर जरा थांबतो कारण तक्त्यात याला लोक एक ओळ देतात आणि भांडणं सगळी इथूनच होतात.

तुमच्या जर्मन कॉलचं काय झालं ते मी अंदाजाने सांगतो. कॉल त्यांच्या सकाळी दहाला असणार. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा उरतो आणि तोच कॉल आपल्याकडे दीडला येतो, ऐन जेवणाच्या सुट्टीत. तुमच्या लोकांच्या फोनमध्ये अडीचचा अलार्म लावलेला, ते अडीचला गेले, तोवर पलीकडचे तासभर वाट बघून उठले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे आपोआप परत जाग्यावर येणार आणि सगळे म्हणणार की आता नीट झालं.

तिन्ही टूल्स हे नीट हाताळतात, पण एका अटीवर, की मीटिंग कॅलेंडरमध्ये खऱ्या इन्व्हाइटच्या रूपात आली पाहिजे आणि ती कुठल्या देशाच्या वेळेवर बांधलीय ते ठरलं पाहिजे. कस्टमरने इन्व्हाइट पाठवलं तर मीटिंग जर्मन वेळेला बांधलेली असते, आपल्याकडे ती दीडवर सरकलेली दिसते. तुमच्या माणसाने भारतीय वेळेवर बनवून पाठवली तर आपल्याकडे अडीचच राहते आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात अकरा होतात, म्हणजे त्यांची पंचाईत. दोन्ही चालतं, फक्त एकदा ठरवून टाका. ट्रायलमध्ये मुद्दाम एक साप्ताहिक मीटिंग जर्मन वेळेवर बनवा, कॅलेंडर पुढे नेऊन मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरच्या आठवड्यात बघा ती सरकली का, आणि फोनच्या कॅलेंडरमध्येही बघा. अमेरिकेचे कस्टमर असतील तर अजून गंमत, त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, युरोपच्या तारखांशी जुळतच नाहीत, त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस भारत, युरोप आणि अमेरिका यांचं आपसातलं गणित वेगळं असतं.

दुसरी परीक्षा म्हणजे बाहेरच्या माणसाशी इन्व्हाइटची देवाणघेवाण. कॅलेंडरच्या इन्व्हाइटचा फॉरमॅट सामाईक आहे, आयकॅलेंडर म्हणतात त्याला, आयसीएस फाइल येते ती हीच, १९९८ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं आणि २००९ मध्ये सुधारलेलं. त्यामुळे गुगलवरून आउटलुकला आणि आउटलुकवरून झोहोला इन्व्हाइट जातं-येतं. पण एकदा जाणं वेगळं आणि पुढचे बदल पोचणं वेगळं. म्हणून असं करा, तुमच्या एखाद्या ओळखीच्या कस्टमरला मीटिंग पाठवा, त्याला दुसरी वेळ सुचवायला सांगा, मग तुम्ही ती बदला, मग मालिकेतली फक्त एक तारीख रद्द करा. हे तिन्ही बदल त्याच्याकडे नीट पोचले का ते त्याला फोन करून विचारा. मधली एक तारीख रद्द करणं यावरच बरंचसं अडखळतं. तुमचे कस्टमर टीम्सवर मीटिंगा पाठवतात की गुगल मीटवर, हेही मागच्या दोन-तीन महिन्यांच्या मेलमध्ये मोजून बघा. त्यांच्यातले बहुतेक टीम्सवाले असतील तर रोजचं घर्षण मायक्रोसॉफ्टवर कमी होईल, जोडता कुठूनही येतं हे खरं असलं तरी.

तिसरं, ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये कोणाला काय दिसतं. साहेबांचं कॅलेंडर सगळ्यांना दिसावं का? बिझी आहेत एवढंच दिसणं, काय काम आहे ते दिसणं, आणि त्यात बदल करता येणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. साहेबांच्या वतीने मीटिंग लावणाऱ्या माणसाला तिसरी पायरी द्यायची, बाकीच्यांना पहिली. ट्रायलमध्ये साहेबांनी "बँक मॅनेजर" असं काहीतरी टाकावं आणि शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरच्या लॉगिनने ते कसं दिसतं ते त्यांनी स्वतः बघावं. मालक लोकांचा होकार-नकार पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरतो, हे मी पाहिलंय. मीटिंग रूम, टेस्टिंगचं बेंच, साइटवर जायची गाडी यांनाही कॅलेंडर देता येतं, दोघांनी एकाच वेळी बुक केलं तर टूलने अडवलं पाहिजे, तेही करून बघा.

सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर लावू नका बरं का. "भारतातल्या सुट्ट्या" म्हणून जे मिळतं त्यात देशभरातलं सगळं येतं आणि तुमची कंपनी कुठल्या दिवशी बंद आहे ते त्याला माहीत नसतं. १ मे, गणपती, दसरा, दिवाळीच्या तुमच्या सुट्ट्या आणि वीकली ऑफ याचं स्वतःचं एक कॅलेंडर करा आणि सगळ्यांना फक्त बघायला द्या. आणि बाहेरचं एखादं कॅलेंडर लिंकने जोडलंत तर ते लगेच ताजं होतं असं समजू नका, गुगलमध्ये त्याला कित्येक तास लागतात.

आता मेलकडे येतो, पण चार कटकटीच्या गोष्टींपुरताच.

पहिली, सर्च. मराठीत टाइप करून बघा. "दरपत्रक" शोधलं तर "दरपत्रकाची प्रत" असा विषय असलेला मेल सापडतो का? इंग्रजीची रूपं ओळखतात तशी मराठीची प्रत्यय लागलेली रूपं दर वेळी ओळखली जातील याची खात्री धरू नका. आणि जुन्या अॅटॅचमेंट श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, सरकारी टेंडरच्या कामात त्या असतातच, तर त्यांच्या आतला मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसल्यामुळे कुठल्याच टूलच्या सर्चला सापडणार नाही आणि ब्राउझरच्या प्रीव्ह्यूमध्येही बहुधा अक्षरांचा चिवडा दिसेल. हा टूलचा दोष धरू नका.

दुसरी, ड्रॉइंग्ज. जीमेलवरून जास्तीत जास्त २५ एमबीची अॅटॅचमेंट जाते, त्यापेक्षा मोठी फाइल असली की ते ड्राइव्हची लिंक बनवतं. पण लक्षात घ्या, मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे समोरच्याची मर्यादा २० एमबी असेल तर तुमची १६ एमबीची फाइलसुद्धा परत येऊ शकते. आणि मोठ्या कंपन्यांच्या आयटीवाल्यांनी बाहेरच्या ड्राइव्ह लिंका ब्लॉक केलेल्या असतात. तुमच्या दोन मोठ्या कस्टमरना एक लिंक पाठवून बघा उघडते का, तक्त्यात हे कुठेच मिळणार नाही.

तिसरी, प्रिंटर आणि टॅली. स्कॅन करून मेल करणारं मशीन आणि टॅलीतून जाणारी इन्व्हॉइसं ही सध्या साध्या युजरनेम-पासवर्डने जात असणार. गुगल आता नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेत नाही, टू-स्टेप चालू करून वेगळा अॅप पासवर्ड काढावा लागतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या ऑक्टोबरपासून जुन्या पद्धतीचं लॉगिन मोठ्या प्रमाणावर बंद करायला घेतलं आणि मेल पाठवण्याचाही तो रस्ता ते बंद करत आणतायत, त्यामुळे जुनं मशीन असेल तर काय करायचं ते रिसेलरकडून (लायसन्स विकणाऱ्याकडून) लेखी घ्या. नवीन मेल सुरू झाल्याच्या पहिल्या सोमवारी अकाउंट्समधून येणारा फोन नेहमी हाच असतो.

चौथी, स्पॅम. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ च्या पुढच्या, नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सगळ्यांना हवंच, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). तुम्ही ५,००० पाठवत नाही, तरी तिन्ही लावून घ्या. स्वस्त होस्टिंगच्या वेबमेलचं दुखणं असं की तुमच्याच सर्व्हरवर बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी स्पॅम पाठवला की तुमची कोटेशनंही स्पॅममध्ये पडतात, हलवण्याचं खरं कारण साहेबांना सांगायचं तर हे सांगा. एसपीएफचं रेकॉर्ड डोमेनला एकच असतं, दोन टाकली की दोन्ही निकामी. वेबसाइटचा एन्क्वायरी फॉर्म, टॅली आणि नवीन मेल हे सगळे पाठवणारे त्या एकाच रेकॉर्डमध्ये बसवावे लागतात.

पैशांचं मी आकड्यांत बोलत नाही, दर बदलत राहतात. पण पाहताना हे पाहा: दर माणशी महिन्याचा की वर्षभराचा बांधलेला, वर्षाच्या मधे चारजण कमी झाले तर पैसे परत की वाया, वर १८ टक्के जीएसटी आहे तो तुमच्या जीएसटी नंबरवर बिल घेतलंत तर क्रेडिटला मिळतो. जागेच्या हिशोबात लोक फसतात. गुगलच्या सगळ्यात खालच्या प्लॅनमधले माणशी ३० जीबी हे मेल, ड्राइव्ह सगळं मिळून आणि कंपनीभर एकत्र मोजतात, डिझाइनवाल्याने ड्राइव्हवर ड्रॉइंग्ज टाकली की त्याचा भार सगळ्यांवर. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिकमध्ये मेलबॉक्स वेगळा आणि वनड्राइव्हचं १ टीबी वेगळं. झोहोचा पाच जणांपर्यंतचा फुकट प्लॅन आहे पण तो ब्राउझर आणि त्यांच्या स्वतःच्या अॅपपुरता, आउटलुक वगैरेला जोडता येत नाही, तुम्ही १८ आहात म्हणजे तो विषयच संपला.

साहेबांचं "स्वदेशीच घेऊ" हे म्हणणं तुम्ही लिहिलंय. झोहो चेन्नईची कंपनी, १९९६ पासूनची, अमित शहांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला मेल तिकडे नेल्याचं जाहीर केल्यावर ही चर्चा प्रत्येक ऑफिसात झाली. प्रॉडक्ट चांगलं आहे, मी बऱ्याच ठिकाणी बसवलंय. पण ते तुमच्या सेल्सच्या कामाला चांगलं पडतंय म्हणून घ्या. नुसत्या भावनेने घेतलेलं टूल लोक दोन महिन्यांत सोडून परत आपल्या खासगी जीमेलवर जातात, हे बघितलंय.

ट्रायल कशी करायची ते आता. तिघंही दोन आठवडे ते महिनाभर फुकट वापरू देतात. मुख्य डोमेनला हात लावायचा नाही, एखादं स्वस्तातलं दुसरं डोमेन घ्या आणि त्यावर चौघांना बसवा: एक सेल्स, एक अकाउंट्स, एक सतत साइटवर फिरणारा इंजिनिअर, आणि एक असा माणूस ज्याला कॉम्प्युटर मुळीच आवडत नाही. चौथा सगळ्यात महत्त्वाचा. इंजिनिअरच्या फोनवर दुसऱ्या दिवशीही नोटिफिकेशन येतात का ते बघा, काही फोन बॅटरी वाचवायला अॅप झोपवून टाकतात आणि दोष टूलला जातो. एकेका टूलला एक पूर्ण कामाचा आठवडा द्या, खोटे मेल नकोत, खऱ्या इन्क्वायरीच्या कॉपी तिकडे फॉरवर्ड करा. आठवड्याच्या शेवटी चौघांना एकच विचारा, कुठे अडलात? आवडलं का हे विचारू नका, ज्याची सवय आहे तेच आवडतं माणसाला.

तुमच्या जागी मी काय घेतलं असतं? तुमचं काम एक्सेलमधल्या मटेरियल लिस्टांवर चालतं, कस्टमर मोठे आणि बाहेरचे, सामाईक पत्ते दोन. एवढ्यावरून माझा कल मायक्रोसॉफ्टकडे जातो, बिझनेस बेसिक पुरेल, डेस्कटॉपचं एक्सेल तुमच्याकडे आधीच विकत घेतलेलं असेल तर. पण १८ पैकी बहुतेकजण रोज जीमेलच वापरत असतील आणि शिकवायला तुमच्याशिवाय कुणी नसेल तर गुगल घ्या, शिकवण्यात जाणारा वेळ वाचेल. सेल्सच्या आतल्या शेऱ्यांची सोय ट्रायलमध्ये लोकांना खरंच आवडली आणि बजेट आखडतं असेल तर झोहो. शॉप फ्लोअरवरच्या ज्यांना दिवसाला दोन मेल येतात त्यांना महागडा प्लॅन देऊ नका, मायक्रोसॉफ्ट आणि झोहो दोन्हीकडे वेगवेगळे प्लॅन मिसळता येतात.

आणि हे सगळं करायच्या आधी, अगदी उद्याच, तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. बऱ्याच कंपन्यांचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या माणसाच्या नावावर आणि त्याच्याच लॉगिनमध्ये असतं. तो गावी गेला, धंदा बंद केला किंवा बिलावरून वाद झाला की मेल कुठल्याही कंपनीचा घ्या, किल्ली त्याच्याकडे. कंपनीच्या नावावर करून घ्या, रिन्यूअलचा मेल किमान दोघांना जाईल असं बघा.

बाहेर पडण्याचं पण आत्ताच पाहून ठेवा. ट्रायल संपायच्या आधी प्रत्येकातून मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट काढून बघा. आयमॅपने (मेलबॉक्स बाहेरच्या प्रोग्रॅममधून वाचायची ठरलेली पद्धत) फक्त मेल हलतात, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट वेगळे काढावे लागतात. जीमेलमधून काढताना ज्या मेलला दोन लेबलं आहेत तो दोन फोल्डरमध्ये दोनदा येऊ शकतो, जागेचा अंदाज चुकतो. कॅलेंडर आयसीएस फाइलने नेलंत तर जुन्या मीटिंगा नोंदी म्हणून येतात, पण त्यातले पाहुणे नव्या मीटिंगशी जोडलेले राहतात असं धरून चालू नका, चालू असलेल्या साप्ताहिक मीटिंगा नवीनवर नव्याने पाठवणंच बरं.

हलवायला मुहूर्त विचारलात म्हणून: मार्चअखेर नको, अकाउंट्सवाले खातील तुम्हाला, आणि तेव्हाच जर्मनीची घड्याळंही बदलतात. दसरा-दिवाळीच्या डिस्पॅचच्या धावपळीतही नको. जून-जुलैमधला एखादा शुक्रवार संध्याकाळ धरा. दोन दिवस आधी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) एमएक्सचा, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर यावा त्या नोंदीचा, टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) कमी करून ठेवा म्हणजे बदल लवकर पसरतो. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर दोन्ही चालू ठेवा आणि जुन्या इनबॉक्समध्ये रोज एकदा डोकावा, एखादा मेल तिकडेच पडलेला सापडतो. वेबसाइट त्याच होस्टिंगवर असेल तर तिथल्या पॅनलमध्ये मेल "लोकल" वरून "रिमोट" करायचं विसरू नका, नाहीतर तुमच्याच वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेल्या इन्क्वायऱ्या जुन्या पेटीत पडत राहतील आणि सेल्सला वाटेल मार्केट थंड आहे.